पुंगळ्या धुण्याचं वर्ष

आयुष्यात मी कधी खरी बंदूक हातात धरलेली नाही. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल यायचं, तेही थोरल्या भावाच्या ताब्यात. मला टिकल्या दगडाने फोडाव्या लागायच्या. असा मी, दुबईत एक अख्खा हिवाळा काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या धूत होतो, आणि माझ्या मुलीची दहावी त्या धुण्यावर टांगलेली होती. हे सांगितलं की समोरचा माणूस जरा मागे सरकून बसतो. म्हणून पहिल्यापासूनच सांगतो.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमचा कारखाना होता. 'आमचा' म्हणायची आपली सवय. मालक एक सिंधी शेठ, मी तिथला केमिस्ट. पितळेचे नळ, दारांच्या मुठी, बिजागऱ्या, टॉवेल टांगायच्या दांड्या असला माल घासूनपुसून लख्ख करायचा आणि त्यावर क्रोमचा मुलामा चढवायचा, एवढंच काम. पुण्याला भोसरीत मी तेच करत होतो, फक्त इथे एसी होता. शहरात टॉवर अशा वेगाने उठत होते की आमच्या मुठी वाळायच्या आत न्यायला गाडी दारात उभी असायची. शेठ दिवसभर "यल्ला, यल्ला" करत आमच्या मागे फिरायचा. त्या अरबी 'चला, आटपा'ने माझं डोकं उठायचं. पुढे तो ओरडायचा थांबला, तेव्हा कळलं की त्या ओरडण्यात केवढा दिलासा होता.

मग मंदी आली. टॉवर जिथल्या तिथे थांबले. ज्या इमारतीला दारंच लागणार नाहीत तिच्यासाठी मुठी कोण घेणार? आम्ही बर दुबईत राहायचो. तिथल्या सुपरमार्केटच्या फळ्यावर पूर्वी ट्यूशनच्या आणि डब्यांच्या चिठ्ठ्या असायच्या. आता सगळीकडे 'फॅमिली गोइंग बॅक', खाली सोफा, फ्रीज, मुलाची सायकल. शुक्रवारी सुटी, म्हणून दर गुरुवारी कोणाकडे ना कोणाकडे निरोपाचं जेवण. बायको एकदा परत येताना म्हणाली, "अहो, मला आता श्रीखंड बघवत नाही."

शेठने अर्धी माणसं कमी केली. वाईट माणूस नव्हता तो. प्रत्येकाला तिकीट काढून दिलं, आणि शेवटच्या दिवशी बिचारा स्वतःच्या केबिनमध्ये दार लावून बसला. माझ्यावर कधीही पाळी येणार होती. नोकरी गेली की विसा रद्द, विसा रद्द झाला की महिनाभरात देश सोडायचा. बायको आणि मुलगी, दोघी माझ्याच विसावर. एरवी आम्ही गेलोही असतो. पुण्यात दोन खोल्या होत्या, कोणी उपाशी मरणार नव्हतं. पण मुलगी दहावीत होती. बोर्डाकडे नाव शाळेतर्फे गेलेलं. मधूनच उठलो तर तिचं वर्ष गेलं. तिच्या वर्गातली मुलं एकेक करून गळत होती, आणि जी गेली त्यांचं पुढे काय झालं हे ती आम्हांला जेवताना इंग्रजीत सांगायची, अगदी बातम्या वाचल्यासारखं. त्यामुळे घरात एकच गोष्ट ठरली होती: काय वाटेल ते करून मार्चपर्यंत टिकायचं.

अशात शेठ एक दिवस गाडीच्या डिकीतून एक जड पोतं घेऊन आला.

"भाऊ, ये ब्रास है ना? तो तेरा ही लाइन हुआ."

पोत्यात काळवंडलेल्या, बोटाएवढ्या नळकांड्या होत्या. मला वाटलं कसलंसं फिटिंग. एक हातात घेतली, वास घेतला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तो वास.

झालं होतं असं की शहराबाहेर वाळवंटात नेमबाजीचा एक क्लब होता. गोळी सुटली की पितळेची पुंगळी मागे राहते. ती धड असेल तर तिच्यात नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करता येतं. भरभराटीच्या दिवसांत क्लब नवीकोरी काडतुसं मागवायचा आणि रिकाम्या पुंगळ्या पोत्यांत भरून कोठारात टाकून द्यायचा. आता हात आखडल्यावर त्यांना पोत्यांची आठवण झाली. काडतुसं भरायचं काम त्यांचा माणूस करणार होता. त्याआधी पुंगळ्या स्वच्छ करून कोण देणार, एवढाच प्रश्न होता. शेठने ते काम उचललं. चाचणीचा एक लॉट पास झाला तर कारखाना चालू राहणार, नाही तर खलास. हे शेठने मला स्पष्ट सांगितलं आणि मी घरी सांगितलं नाही. घरी म्हणालो, "पितळेच्या पार्ट्सची नवी ऑर्डर आहे." बंदूक हा शब्द काढला असता तर बायकोने सत्तर प्रश्न विचारले असते, आणि तिचा सत्तरावा प्रश्न नेहमी बरोबर असतो.

क्लबचा माणूस म्हणजे पाकिस्तानी फौजेतून निवृत्त झालेला एक गृहस्थ. तिथेही त्याने हत्यारांची देखभालच केलेली. सगळे त्याला उस्ताद म्हणत, मीही म्हणू लागलो. कातरलेली पांढरी मिशी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं असं की शब्द रेशनवर मिळतात. पहिल्या भेटीत त्याने चहा मागवला आणि कप रिकामा होईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "इंजीनियर साहब, दो बातें हैं। खोल कमज़ोर न पड़े। और गिनती में एक भी कम न हो। चमक-वमक आपकी मर्ज़ी।"

खोल म्हणजे पुंगळी. मी इंजिनियर नाही हे मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढेही इंजिनियरच म्हणत राहिला.

मोजणीची त्याची पद्धत पक्की होती. भोकं पाडलेल्या लाकडी फळ्या असायच्या, एकेका भोकात एकेक पुंगळी उभी करायची. फळी भरली की मोजणी झाली. चेपलेली, चिरलेली पुंगळीसुद्धा परत द्यायची. एक जरी कमी भरली तरी त्याला वर कळवावं लागणार, मग चौकशी, आणि आमचा गेटपास रद्द. पितळेचा रिकामा तुकडा असला तरी त्या देशात ती वस्तू हत्यारांच्या खात्यात मोडते, आणि त्या खात्यात थट्टा चालत नाही.

पितळ साफ करणं मला काय सांगायचं, असा माझा तोरा होता. आमच्याकडे थरथरणारी मोठी पातेली होती, व्हायब्रेटर. नळ घासायला त्यांत सिरॅमिकचे खडे घालायचो. पहिल्या घाण्यातच त्या खड्यांनी पुंगळ्यांच्या तोंडांच्या कडा पार बोथट केल्या, आणि काही खडे तर पोटात जाऊन असे बसले की काढता काढता नाकी नऊ आले. मग अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मागवला, मक्याच्या कणसातल्या दांड्याचा भरडा मागवला. हे मात्र छान. चुऱ्यात पुंगळ्या घालून पातेलं तासन्‌तास थरथरत ठेवलं की मऊ, सोनेरी रंग यायचा. शेठ खूश. पण चुरा काळा पडला आणि चाळताना त्याची धूळ उडाली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुंगळीच्या बुडाची जी टोपी असते तिच्या जळक्यात शिसं असतं. ती धूळ आम्ही सगळे नाकातोंडात घेत होतो. मी तिथल्या तिथे मशीन बंद केलं. शेठ म्हणाला, "अरे मास्क लगा लो ना." मी म्हणालो, "तुम्ही या, तुम्ही लावा, तुम्ही चाळा." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मग ओली पद्धत. आधी बुडाची टोपी ठोकून काढायची. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि थोडंसं लिंबूफूल, जे किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळतं. त्यात पुंगळ्या हलवायच्या, काळं पाणी वेगळ्या पिंपात जमा करायचं, दोनदा धुवायच्या आणि वाळवायच्या. ऐकायला सोपं आहे. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा संसार. आंबट जास्त वेळ लागलं की जस्त निघून जातं आणि मागे गुलाबीसर तांबूस रंग उरतो. घरच्या समईला त्याने काही बिघडत नाही, उलट बायका म्हणतात काय सुंदर उजळली. पुंगळी मात्र आतून दुबळी होते, आणि दुबळी पुंगळी फुटली तर बंदुकीला गाल लावलेल्या माणसाच्या तोंडावर फुटते. म्हणून मी घड्याळ घेऊन टबापाशी उभा राहायचो. रंग किंचित उघडला की बाहेर.

शेठला हे पटेना. "भाऊ, चमकना मांगता है! कस्टमर को मुंह दिखना चाहिए!" एक दिवस तो कुठूनसं पितळ चमकवायचं परदेशी द्रावण घेऊन आला. बूच उघडलं आणि अमोनियाचा भपकारा आला. अमोनिया म्हणजे ताणलेल्या पितळेचा काळ. वरून आरसा दिसतो आणि आत बारीक चिरा पडतात. मी ती बाटली त्याच्या देखत मोरीत ओतली. नंतर माझं मलाच भय वाटलं, कारण माझी नोकरी त्या माणसाच्या हातात होती. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी समोसे घेऊन आला.

वाळवणं आम्हांला फुकट होतं. कारखान्याच्या मागे पत्र्यावर गोणपाट टाकून पसरल्या की दुपारपर्यंत कोरड्याठणठणीत. आतल्या ओलाव्याचा एक थेंबही चालत नाही, नाही तर नवी दारू सर्दावते. कामगार म्हणायचे, साहेबांनी पापड घातलेत.

चाचणीचा लॉट उस्तादने एकेक करून तपासला. टॉर्चने पोटात बघितलं, टोक वाकवलेली एक बारीक तार आतून फिरवली, कुठे खाच लागते का ते बोटांनी ऐकल्यासारखं करून पाहिलं. आमच्या पुंगळ्यांना आरशाची चमक नव्हती. जुन्या, रोजच्या वापरातल्या तांब्याचा असतो तसा शांत रंग होता. शेठ माझ्या शेजारी घाम पुसत उभा होता. शेवटची पुंगळी ठेवून उस्ताद म्हणाला, "शीशा तो मेरे घर में भी है। मुझे यही चाहिए था।"

काम मिळालं. पोती येऊ लागली. मी घरी जाऊन पहिल्यांदाच मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ बसलो आणि तिला उगाच काहीतरी विचारलं. तिने वर न बघता "बाबा, आय हॅव केमिस्ट्री टुमॉरो" म्हणून मला उठवलं. केमिस्टला!

डिसेंबर उजाडला आणि एका लॉटमध्ये एक पुंगळी कमी भरली.

फळीच्या शेवटच्या रांगेत एक भोक रिकामं. उस्तादने पुन्हा मोजलं, मी मोजलं, शेठने मोजलं. आकडा काही बदलला नाही. मग उस्तादने फळी बाजूला सरकवली. "कल सुबह तक मैं रुक सकता हूं," तो म्हणाला, "उसके बाद मुझे लिखना पड़ेगा।" त्याच्या आवाजात धमकी नव्हती, त्यामुळे जास्तच धस्स झालं. धमकी असती तर भांडता तरी आलं असतं.

आम्ही कारखाना उलटापालटा केला. टब उपसले, गाळण्या झटकल्या, गोणपाट झाडली, काळ्या पाण्याचं पिंप हातमोजे घालून चाळलं. मागची वाळू कामगारांनी अक्षरशः पिठासारखी चाळली. त्यांचेही विसे त्याच पुंगळीत अडकलेले होते. पुंगळी नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या हिशेब मांडला. चौकशी झाली तर काम जाणार, काम गेलं की कारखाना जाणार, आणि परीक्षेला अजून सगळा हिवाळा बाकी. घराजवळचं जाफिलिया येईपर्यंत मी मनातल्या मनात मुलीला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. एकही तऱ्हा जमली नाही.

घरी पोचलो तर दिवेलागण झालेली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कपाटाच्या एका कप्प्यात आमचं देवघर. मी हातपाय धुऊन सवयीने समोर उभा राहिलो. डोळे मिटायच्या आधी उदबत्तीचा धूर दिसला. धुराच्या खाली उदबत्ती, आणि उदबत्तीच्या खाली माझी पुंगळी. लख्ख, गुलाबी, आत चिमूटभर तांदूळ घालून ताठ उभी केलेली.

बायको मागून येऊन म्हणाली, "छान आहे ना? तुमच्या पँटच्या गुडघ्यावरच्या खिशात सापडली, धुवायला टाकताना. आपलं उदबत्तीचं घर नाही का परवा तुटलं? नळाचा काय देखणा तुकडा आहे हो. काळा पडला होता, मग आमसुलाच्या पाण्यात घातला रात्रभर."

बुडाची टोपी ठोकून काढताना एखादी उडून खिशात गेली असणार. एवढ्या सगळ्यांनी वाळू चाळली, आणि ती माझ्याच मांडीवर बसून बर दुबईला आली होती.

"ही बंदुकीची आहे," मी म्हणालो.

"काय?"

"काडतुसाची पुंगळी. गोळी उडालेली."

तिचा चेहरा आधी माझ्याकडे, मग देवांकडे. "अहो! अन्नपूर्णेसमोर?" आतून मुलगी धावत आली, तिने एका नजरेत सगळं पाहिलं आणि किंचाळली, "आई, यू पुट अ बुलेट इन द देवघर?" मग ती हसायला लागली. हसता हसता तिला आवरेना. बायकोही रडकुंडीला आलेली असताना फिस्सकन हसली. मी तेवढा हसलो नाही. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं: क्लब, मोजणी, उद्या सकाळ. हसणं थांबलं. मुलीने विचारलं, "सो इफ ही रिपोर्ट्स इट, वी गो बॅक? बिफोर मार्च?" मी मान डोलावली. ती आत गेली आणि तिने पुस्तक उघडलं. तो पान उलटल्याचा आवाज मला एखाद्याने रडल्यासारखा लागला.

बायकोने तोवर उदबत्ती काढून घेतली होती. पुंगळी तिने पुसली, स्वच्छ पंच्यात गुंडाळली आणि म्हणाली, "मी येते उद्या. चूक माझी आहे, मी सांगीन." मी नको म्हणालो. तिथे बायकांना नेत नाहीत असं काहीतरी ठोकून दिलं. खरं म्हणजे तिने तिथे हात जोडले असते, आणि ते मला बघवलं नसतं.

रंगाने माझा गळाच दाबला होता. ती पुंगळी परत गोणीत टाकून 'सापडली' म्हणणं शक्य नव्हतं. इतकी गुलाबी पुंगळी आमच्या टबातून निघाली असती तर उस्तादने सगळा लॉट नापास केला असता. आणि खरं सांगितलं तर क्लबची वस्तू बाहेर गेली, एका घरात रात्रभर राहिली, हे त्याला लिहावं लागलं असतं. सकाळी त्याच्या टेबलावर पंचा उलगडला तेव्हा माझं काही ठरलेलं नव्हतं. तोंडातून खरंच निघालं. खिसा, आमसूल, तांदूळ, उदबत्ती. 'आमसूल'ला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून "एक खट्टा फल होता है कोंकन का" असं सांगत बसलो.

उस्तादने पुंगळी उजेडात धरली. वास घेतला. दारूचा वास जाऊन चंदनाचा येत होता.

"भाभी ने पूजा में रखा था?"

"जी. उन्हें मालूम नहीं था. मैंने ही घर पे नहीं बताया था." आणि मग, जे सांगायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं तेच बोलून गेलो. "उस्ताद, बेटी दसवीं में है. ये काम गया तो हमारा विसा जाएगा. बस एग्ज़ाम तक रुकना है."

तो तार घेऊन पुंगळीच्या आत फिरवत होता. "पर्चे कब हैं?"

"मार्च में."

त्याने खणातून पक्कड काढली, पुंगळीचं तोंड चेपलं आणि ती टाकाऊ पुंगळ्यांच्या डब्यात टाकली. टण्‌ असा आवाज झाला. "गिनती पूरी है," तो म्हणाला. "खोल ख़राब है, वो अलग बात। ख़राब खोल तो होते ही हैं।" मग चहा मागवला. मी कप उचलताना अर्धा चहा बशीत सांडला. त्याने ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला, माझा चहा संपेपर्यंत.

त्या दिवसापासून मी कामाच्या पँटचे खिसे शिवून टाकले. बायकोने घरातलं एकही भांडं महिनाभर आमसुलाने घासलं नाही.

पण नव्या वर्षात एक नवीनच दुखणं सुरू झालं. पोत्यांच्या जागी पिशव्या येऊ लागल्या. आधी गोणी यायची तिथे आता बाजाराची पिशवी भरेल एवढ्या पुंगळ्या, त्याही आठवड्यातून एकदा. शेठ म्हणाला, "इतने में तो मशीन का पेट भी नहीं भरता." मला तर संतापच आला. कोठारात पोत्यांची थप्पी मी डोळ्यांनी पाहिली होती. फोन केला की उस्ताद म्हणायचा, "इन्शाल्ला, अगले हफ़्ते।" आखातात राहिलेल्या कोणालाही विचारा, या इन्शाल्लाचा अर्थ काय होतो ते: बहुधा नाहीच. मी घरी येऊन चरफडायचो: म्हातारा आळशी झालाय, जेवून झोपत असेल दुपारी. बायको म्हणायची, "काम चालू आहे ना? मग ओरडता कशाला?" चालू होतं खरं. फेब्रुवारी गेला. शेठने आणखी कोणाला कमी केलं नाही. आम्ही पिशवीभर पुंगळ्या लिंबूफुलात धूत राहिलो, पत्र्यावर वाळवत राहिलो.

मार्चमध्ये परीक्षा झाली. शेवटच्या पेपरला मी अर्धा दिवस रजा काढून शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. मुलगी बाहेर आली, मैत्रिणींना मिठ्या मारल्या, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "डन, बाबा." गाडीत बसल्यावर तिला झोप लागली. टॅक्सीवाला पठाण होता. त्याने गाणं बंद केलं.

त्या आठवड्याची पिशवी द्यायला मी क्लबवर गेलो. उस्तादने फळ्या भरून घेतल्या, तार फिरवली, सही केली. मग विचारलं, "बिटिया का आख़िरी पर्चा हो गया?"

"जी, परसों."

"अच्छा हुआ?"

"अच्छा हुआ कहती है."

"तो फिर," तो उठत म्हणाला, "ये आख़िरी थैली थी।"

तो मला मागच्या कोठारात घेऊन गेला. मला वाटलं होतं तिथे उरलेली पोती असतील. पोती नव्हती. भिंतीला लावून फळ्यांवर फळ्या रचलेल्या होत्या आणि त्यांत आमच्या पुंगळ्या, जानेवारीपासून आम्ही धुऊन दिलेल्या सगळ्या, जशाच्या तशा उभ्या. एकीतही गोळी नव्हती. काडतुसं भरायचं यंत्र चादरीखाली झाकलेलं होतं.

निशाणे लावणारेच उरले नव्हते, त्याने सांगितलं. सभासद आपापल्या देशांना निघून गेले होते. नव्या वर्षात काडतुसं भरणं बंद करायचं ठरलं होतं. धुण्याचं काम मात्र कागदावर मार्चअखेरपर्यंत मंजूर होतं, माल येत राहील तोवर महिन्याचं ठरलेलं बिल निघणार होतं, आणि पुंगळ्या थोड्याच उरल्या होत्या, एका खेपेत संपतील एवढ्या. "एक बार में भेज देता तो जनवरी में ख़त्म हो जाता," तो म्हणाला. "जल्दी किसको थी?"

ह्या माणसाला मी आळशी म्हणालो होतो, जेवायच्या ताटावर, बायकोमुलीसमोर. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं तर त्याने हात वर करून मला थांबवलं, जसा एखादा फौजी शिपायाला थांबवतो. त्याचाही करार संपत होता. पुढच्या आठवड्यात तो आपल्या गावी जाणार होता. ते त्याने दाराची कडी लावता लावता सांगितलं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. तो माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला. मी दार उघडलं तेव्हा त्याने विचारलं, "तो अब आगे? बिटिया आगे क्या पढ़ेगी? कहां पढ़ेगी?"

इतके दिवस, इतके महिने, आमच्या घरात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.